गजावरची खूण

आमच्या वऱ्हाडात पुढाऱ्याची सभा पडली की लोक अजूनही म्हणतात, "फुसका बार निघाला गा." बंडीत कडबा ठासून भरतात, एस.टी. ठासून भरते, लग्नाच्या पंगतीत पोट ठासून भरतं. हे शब्द रोज तोंडात असतात. ते ज्या बंदुकीतून आले ती ठासणीची बंदूक भरताना पाहिलेली माणसं मात्र गावात आता दोन-चारच उरली आहेत. त्यांतला मी एक.

शिकारीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं. चांदणी रात्र, मचाण, वाघाची डरकाळी, सगळं आलं. बंदूक भरायची कशी आणि भरताना काय काय चुकतं, हा भाग बहुतेकांनी एका ओळीत उरकला, कारण तो कंटाळवाणा. पण आमच्या गावात वाघानं मारलेला माणूस कोणाच्याही आठवणीत नव्हता. स्वतःच्याच बंदुकीनं कायमचे अधू झालेले दोघे होते. तेव्हा खरा इतिहास कुठे शोधायचा, ते तुम्हीच ठरवा.

गाव अकोट आणि अंजनगाव-सुर्जी यांच्या मधल्या पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. उत्तरेला तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला नरनाळ्याचा डोंगर, उजवीकडे दूर गाविलगड. या पट्ट्यानं दारूचा धूर भरपूर पाहिला. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावच्या रानात वेलस्लीनं भोसले-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि ३० डिसेंबरला अंजनगाव-सुर्जीला शिंद्यांशी तह झाला. एका महिन्यात सगळा हिशेब मिटला. नरनाळ्यावर नऊगजी तोफ अजून पडून आहे. सहलीला गेलेली पोरं तिच्यावर हात ठेवून फोटो काढतात.

त्या काळची हातातली बंदूक म्हणजे तोड्याची. पेटता तोडा घेऊन फिरायचं, कानाशी रंजक घालायची, तिला तोडा लावायचा. पावसाचा थेंब पडला की कारभार बंद. कित्येकदा रंजक नुसती भुर्रकन उडायची आणि आतला बार तसाच राहायचा. स्कॉटलंडमधल्या एका पाद्र्याला, अलेक्झांडर फोर्सिथ त्याचं नाव, याच गोष्टीचा वैताग होता. रंजकीचा उजेड दिसला की त्याची बदकं उडून जायची. म्हणून त्यानं ठोक्यानं पेट घेणारी दारू वापरायची युक्ती काढली आणि १८०७ साली तिचं पेटंट घेतलं. पुढे तिचीच तांब्याची टोपी झाली. बदकांवरून निघालेली ही टोपी पुढच्या काही दशकांत फौजांमध्ये पोचली आणि तिथून गावोगाव. आमच्याकडे एलिचपूरच्या छावणीत, म्हणजे आजच्या परतवाड्यात, हैदराबाद कंटिंजंटची फौज असे. नवीन हत्यार पाहायला लोकांना दूर जावं लागत नव्हतं.

गंमत अशी की आमच्या डोंगराला लागून असलेल्या निमाडात पुढे सेटलमेंट ऑफिसर म्हणून जो साहेब आला, त्याचंही नाव फोर्सिथ. हा कॅप्टन जेम्स फोर्सिथ. सातपुड्यावरचं त्याचं पुस्तक १८७१ साली निघालं, ते जंगलवाल्यांना माहीत असतं. पण त्याआधी त्यानं शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर अख्खं पुस्तक लिहिलं होतं, ते फारसं कोणी उघडत नाही. दारू किती, गोळी केवढी, नळीतली आटे किती पिळाची, याच्यावर पानंच्या पानं. म्हणजे सातपुड्यात फिरणाऱ्या साहेबालासुद्धा वाघापेक्षा मापाची काळजी जास्त होती.

वऱ्हाड १८५३ पासून कारभाराला इंग्रजांकडे, कागदोपत्री निजामाचं. त्यामुळे हिंदुस्थानचे कायदे इथे वेगळ्या हुकमानं लागू करावे लागत. १८७८ चा हत्यारांचा कायदा झाला आणि बंदूक ही घरात बाळगायची वस्तू न राहता सरकारनं द्यायची वस्तू झाली. काँग्रेसनं अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ओरड केली होती. आमच्या भागातल्या शेतकऱ्याचं दुखणं साधं होतं. डोंगरातून रोही उतरतात, डुकरं उतरतात, मैदानात हरणांचे कळप. कापसाचं दोन पानांवरचं रोप हरीण खातं, ज्वारीचं निसवलेलं ताट रोही मोडतो आणि भुईमुगात डुक्कर शिरलं की सकाळी वावर नांगरल्यासारखं दिसतं. गोफणीनं पाखरं उडतात, डुक्कर उडत नाही. म्हणून पीकसंरक्षणाचा परवाना.

स्वातंत्र्यानंतरचा १९५९ चा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्यातही ही गोष्ट राहिली. १३ व्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की खरोखर पीक राखायला ठासणीची बंदूक मागितली तर परवाना द्यावा. ती पुरी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तरच त्याच कामासाठी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक द्यावी. म्हणजे सारं जग काडतुसांवर जाऊन शंभर वर्षं होत आली होती, तरी शेतकऱ्याच्या हातात कायद्यानंच ठासणीची दिली. कारण उघड आहे. एक बार उडवला की दुसरा भरायला वेळ लागतो. सरकारला तो वेळ हवा होता. पण त्याचा दुसरा अर्थ असा झाला की अंधारात, घाईत, दमलेल्या हातांनी दारू मोजायचं काम सरकारनं शेतकऱ्यावरच सोपवलं.

आमच्या आबाजींचा असा परवाना होता. एकनळी, टोपीची. दारू, टोप्या आणि छर्रे अकोल्याच्या परवानेवाल्या दुकानातून यायचे आणि किती नेले ते लिहून घेतलं जायचं. दारू पत्र्याच्या डब्यात, टोप्या दुसऱ्या खोलीत, छर्रे बटव्यात. तिन्ही एका जागी कधीच नसत. माजघरात दिवा असेपर्यंत दारूचा डबा उघडायचा नाही. भरणं म्हणजे दिवसाउजेडी, ओट्यावर, आणि त्या वेळी घरात अशी शांतता की जणू कोणी जेवणापूर्वी श्लोक म्हणतो आहे. आजी हाक मारायची नाही. चिलीम ओढणारा गडी आपणहून गोठ्याकडे जायचा.

"दारू भरतानी बोलाचं नाई," आबाजी म्हणत. "कोनी इचारलं तरी उत्तर द्याचं नाई. मोजणं चुकलं त मंग बोटं मोजा लागतीन."

माप म्हणजे हरणाच्या शिंगाचं टोक कापून केलेली नळी. ती काठोकाठ, सपाट. वर शीग नाही. हे माप त्यांच्याच बंदुकीचं होतं. शेजाऱ्याच्या बंदुकीला ते चालेल असं त्यांनी कधी मानलं नाही, आणि त्यांचं माप उसनं मागायला आलेल्याला हात हलवत परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. गावात तेव्हा घरटी विळा-दोर उसना मिळायचा, त्यामुळे लोकांना राग यायचा. तो राग त्यांनी आयुष्यभर सोसला.

जास्त दारू घातली की बार लांब जातो, ही समजूत तर सगळीकडेच होती. तिच्यावर आबाजींचा एक उपाय होता. असाच हट्ट धरून बसलेल्या एकाला त्यांनी वावरात नेलं, नळीच्या पुढे जुनं पांढरं धोतर अंथरलं आणि त्याच्या पद्धतीचा जरासा वाढीव बार स्वतः उडवला. धोतरावर न जळलेल्या दारूचे काळे कण सांडलेले होते. काळी दारू एका हद्दीपर्यंतच नळीत जळते. पुढची बाहेर फेकली जाते आणि खांद्याला फक्त हिसका वाढतो. "हे पाय, तुहे पैसे," असं म्हणून त्यांनी धोतर झटकलं. जिम कॉर्बेटनं आपल्या लहानपणच्या ठासणीच्या दुनळीबद्दल लिहिलं आहे. तिची एक नळी अशाच जास्तीच्या दारूनं फाटलेली होती आणि तो उरलेल्या दुसऱ्या नळीवर शिकार शिकला. तो वाचला म्हणून गोष्ट सांगायला राहिला.

दारूनंतर डाट. कापसाच्या मुलखात डाटाला चिंधी किंवा सरकी काढलेला कापूस घालणं सगळ्यांत सोपं, आणि आबाजींच्या लेखी तेच वर्ज्य. कापूस धुमसत राहतो. नळीतून निघालेली चिंधी पेटत जाऊन कडब्याच्या गंजीवर पडली तर एका डुकरापायी बैलांचं वर्षाचं वैरण जायचं. आणि धुमसणारा एखादा धागा नळीतच राहिला, वरून ताजी दारू ओतली, तर मग विचारायलाच नको. म्हणून त्यांचा डाट जुन्या घोंगडीचा. लोकर जळते, करपते, वास मारते, पण धुमसत बसत नाही. बार उडाला की ते आधी नळी पुसायचे, बंदूक तशीच उभी धरून थोडा वेळ थांबायचे आणि मगच दारूकडे हात न्यायचे. शिंगड्यातून सरळ नळीत दारू कधी ओतली नाही. आधी मापात, मग मापातून नळीत. ठिणगी राहिलीच असेल तर मापाएवढंच पेटेल, हातातलं अख्खं शिंगडं नाही.

आता गज. डाट ठासायचा लांब लोखंडी गज दाराच्या मागे उभा असे. त्याच्यावर कानशीनं केलेली एक खूण होती. बरोबर बार भरला, डाट दारूला टेकला, छर्रे पडले आणि वरचा डाट बसला की गज आत सोडून पाहायचा. खूण नळीच्या तोंडाशी आली पाहिजे. खूण वर राहिली तर आत काहीतरी जास्त आहे किंवा काहीतरी मध्येच अडकलं आहे. खाली गेली तर काहीतरी कमी. रिकाम्या नळीची दुसरी खूण त्याच्याही वर, गजाच्या टोकाकडे. बंदूक कोणाच्याही हातून आली, घरातल्याच माणसानं "रिकामी हाय" म्हणून दिली, तरी आबाजी आधी गज सोडायचे.

"मानूस काय म्हनते ते आयकू नको. गज काय म्हनते ते पाय."

दोन वेगवेगळ्या चुका ही एक खूण पकडते, आणि त्या दोन्ही चुका नळी फोडणाऱ्या. पहिली, बारावर बार. दुसरी समजायला जरा अवघड आहे. चार-सहा बार झाले की काळ्या दारूची काजळी नळीत चिकटते. घोंगडीचा डाट मग अर्ध्यावरच घट्ट बसतो. भरणाऱ्याला वाटतं तळाला गेला. खाली दारू, वर डाट, मध्ये पोकळी. लोकांना वाटतं पोकळी म्हणजे जागा आहे, जोर कमी लागेल. होतं उलटं. डाट दारूवर नसला की तो नळीत अडसरासारखा काम करतो आणि त्या जागी नळी फुगते, कधी फाटते. म्हणजे पूर्ण मापानं भरलेली, दारू तिळभर जास्त नसलेली बंदूकसुद्धा फुटू शकते. हे ज्याला माहीत नाही तो म्हणतो, नळीच हलकी होती.

बारावर बाराची चूक अडाणी शेतकऱ्याचीच, असं कोणाला वाटत असेल तर अमेरिकेतल्या गेटिसबर्गच्या लढाईचा हिशेब पाहावा. जुलै १८६३ ची ती लढाई संपल्यावर रणांगणावरून २७ हजारांहून जास्त बंदुका गोळा केल्या. त्यांतल्या सुमारे २४ हजार भरलेल्या होत्या, आणि त्यांतल्या निम्म्यांत दोन दोन बार. काही हजार बंदुकांत तीनपासून दहापर्यंत. एकीत तर २३. कवाईत करून तयार झालेले, कागदात आधीच मोजून बांधलेली दारू मिळणारे ते सैनिक. गोंधळात टोपी लावायला विसरले किंवा टोपी उडाली आणि बार राहिला, आवाजात ते कळलं नाही, आणि पुन्हा भरत राहिले.

आमच्या धुऱ्याला धुरा लागून असलेल्या शेतकऱ्याकडे हेच घडलं, लढाई नसताना. दिवाळीनंतरचे दिवस, ज्वारी भरात. बापानं संध्याकाळी बंदूक भरून माचाच्या खांबाला टेकवली आणि जेवायला घरी गेला. जागलीला मुलगा आला. त्याला वाटलं बाबांनी भरायची ठेवली. त्यानं आपल्या हातानं, अगदी मापात, भरली. मध्यरात्री बाप परत आला, डुकरं शिरली, बापानं बंदूक उचलली. नळी बुडाशी फुटली. डाव्या हाताची तीन बोटं गेली. "बाप म्हने म्या भरली, पोरगा म्हने म्या भरली," असं गावात नंतर म्हणीसारखं झालं होतं. मला त्या म्हणीवर हसू कधी आलं नाही. कारण मी शाळेत जाताना रोज त्यांच्या ओट्यावरून जायचो, आणि तो मुलगा बापाच्या धोतराच्या निऱ्या घालून देत असायचा. बाप पोराला कधी बोलला नाही. पोरगाही फारसा कोणाशी बोलला नाही. लग्न झालं, लेकरं झाली, तरी सकाळचं ते काम त्यानं बायकोवर टाकलं नाही. बाप जाईपर्यंत, वीस-बावीस वर्षं.

त्या घटनेनंतर गावातल्या तिन्ही बंदुकींच्या गजांवर खुणा आल्या. आबाजींनीच कानस घेऊन करून दिल्या. माप न देणाऱ्या माणसानं खूण मात्र घरोघरी जाऊन दिली. ज्याच्या त्याच्या बंदुकीवर, ज्याच्या त्याच्या मापानं.

दुसरा माणूस एका डोळ्यानं गेला, तो पावसाळ्यात. काळी दारू हवेतला ओलावा पकडते. मृगाआधी भरून ठेवलेला बार आर्द्रात उडेलच याचा भरवसा नाही. चाप ओढला, टोपी वाजली, आत काही नाही. अशा वेळी माणसाचा हात आपोआप बंदूक खाली घेतो आणि नजर नळीच्या तोंडाकडे जाते. पण ओली दारू कधी कधी लगेच मरत नाही, रेंगाळते, आणि दोन-चार श्वासांनंतर पेट घेते. त्याचं तसंच झालं. आबाजींचा नियम होता की टोपी वाजून बार राहिला तर बंदूक होती तिकडेच रोखून धरायची आणि मनातल्या मनात वावराचा एक धुरा चालून यायचा. आकडे मोजताना माणूस घाई करतो, म्हणत; धुरा चालताना बोर, बाभूळ, विहीर सगळं यावं लागतं.

निवडणुका आल्या की बंदुका ठाण्यात जमा करायच्या. ठासणीची भरलेली असेल तर ती रिकामी कशी करायची? काडतूस काढून खिशात टाकावं, तसं इथे नाही. एकतर गजाला पेच लावून डाट ओढून काढायचा, नाहीतर उडवायचा. पेचाचं काम नाजूक, म्हणून बहुतेक जण नदीच्या पात्रात जाऊन बार उडवून येत. निवडणूक जाहीर झाली की नदीकडून दोन-तीन आवाज यायचे आणि बाया म्हणायच्या, "आली वाटते मतं मागाची येळ."

माझ्या काकांचा जमाना काडतुसांचा. त्यांची बारा बोअरची दुनळी होती आणि एली-कायनॉकची विलायती काडतुसं ते दुधावरच्या सायीसारखी जपून वापरत. बोअरचा आकडा कसा येतो ते त्यांनीच सांगितलं. नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरला तर ती बारा बोअर. म्हणून वीस बोअर ही बारापेक्षा बारीक, हे पुष्कळांच्या डोक्यात उलटं बसलेलं असतं. ते उलटं असणं महागात पडतं. वीसचं काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे जाऊन अडकतं, घोड्याला लागत नाही. माणसाला वाटतं नळी रिकामी आहे. मागून बाराचं घालतो. पुन्हा तेच, बारावर बार. हत्यार बदललं, चूक तीच राहिली. पुढे परदेशात वीस बोअरची काडतुसं पिवळ्याच रंगाची करायची पद्धत पडली ती यासाठीच.

स्वातंत्र्यानंतर विलायती माल दुर्मिळ झाला. तेव्हा पितळी काडतुसं पुन्हा पुन्हा भरून वापरणारे शौकीन अमरावती-अकोल्यात होते. भरायला सुटसुटीत, पण इथे एक नवीन भानगड आली होती. काळी दारू आणि बिनधुराची दारू दिसायला दोन्ही दाणेदार, आणि वजनाला नि जोराला अगदी वेगळ्या. काळ्या दारूचं माप घेऊन बिनधुराची भरली की जुन्या पोलादपट्ट्या वळून केलेल्या नळ्या टिकत नाहीत. इंग्लंडात बिनधुराच्या दारूसाठी तपासलेल्या नळीवर तसा वेगळा ठसा मारत. आपल्याकडे ठसा वाचणारा कोण? काकांचा नियम आबाजींच्याच जातीचा होता. टेबलावर एका वेळी एकच डबा, दुसरा कपाटात कुलपात. डब्यावरची चिठ्ठी फाटली तर दारू कोणती ते ओळखत बसायचं नाही, विहिरीपासून लांब मातीत मिसळून टाकायची. टोपी काडतुसाच्या बुडाशी सपाट बसली की नाही ते अंगठा फिरवून पाहायचं. जरा वर राहिली तर बंदूक मिटतानाच उडू शकते. कागदी काडतुसं पावसात फुगतात, ती नळीत जबरदस्तीनं कोंबायची नाहीत. आणि भरताना पाहुणा आला तर काम अर्धं सोडायचं नाही. अर्धं सोडावंच लागलं तर सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून. काकूला हे फार खटकायचं. पाहुण्याला चहा मिळायचा, काकांचं तोंड दिसायचं नाही.

पुढे सरकारी कारखान्यातली काडतुसं मिळू लागली आणि घरी भरणं संपत गेलं. त्याच सुमारास रानही बदललं. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९७४ साली मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानेदारानं वनखात्याकडे वेगळी नोंद करायची, असं त्या कायद्याच्या ३४ व्या कलमात आहे. आमच्यासारख्या पायथ्याच्या गावांना त्याचा अर्थ लगेच कळला. १९९१ च्या दुरुस्तीनं तर शिकारीचा विषयच मिटवला. मला त्याचं वाईट वाटत नाही. हरणांचे जे कळप आबाजींनी पाहिले ते मी पाहिले नाहीत, आणि त्यात बंदुकीचा वाटा होता हे नाकारण्यात अर्थ नाही. नासाडी करणाऱ्या डुकराला आणि रोह्याला मारायची परवानगी सोपी करणारा निर्णय महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली काढला, पण तोवर गावात बंदूक उरली नव्हती आणि ती धरणारा हातही. आबाजींची बंदूक त्यांच्यामागे ठाण्यात जमा झाली.

आता वावरात झटका मशीन आहेत, तारेवर रंगीत साड्या आहेत, रात्रभर ओरडणारे भोंगे आहेत. आणि अलीकडे माकडं हाकलायला कार्बाइडची नळी आली आहे. प्लास्टिकचा पाइप, आवाज मोठा, गोळी नाही, म्हणून परवाना नाही. खेळणं समजून पोरांच्या हातात देतात. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि आसपासच्या भागात अशाच नळ्यांनी कितीतरी पोरांचे डोळे जायबंदी झाले. बातम्यांत डॉक्टर सांगत होते ते वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पावसाळ्यातला तो आमच्या गावचा माणूस आला. नळी वाजली नाही म्हणून पोरं आत डोकावून पाहत होती.

पुतण्यानंही एक आणली होती. मी त्याला ती न वाजवता नेऊन द्यायला लावली. तो चिडला. "काका, याच्यात दारू नसते ना, नुसता गॅस हाय," म्हणाला. मी दारामागचा गज काढला. बंदूक जमा करताना हा लांबीचा गज घरीच राहिला होता. आजी त्यानं कणगीतली ज्वारी कुठवर आली ते पाहायची, त्यामुळे त्याला गंज चढला नव्हता. त्याला दोन्ही खुणा दाखवल्या, एक भरलेल्याची, एक रिकाम्याची. धुरा चालायचा हिशेबही सांगितला. त्यानं अंगठ्यानं खूण चाचपून पाहिली आणि विचारलं, "पन आबाजीच्या एकट्याच्याच बंदुकीले लागते का हे?" मी हो म्हटलं. तेवढ्यात लाइन आली म्हणून तो मोटार चालू करायला वावरात निघून गेला.